सोळावी हाक

औदुंबराला वळसा घालून मी पुन्हा त्या फुटक्या फरशीपाशी आले आणि पाऊल तिथंच थांबलं. फार काही झालं नव्हतं. खांद्यावरच्या पिशवीत फोन थरथरला, एवढंच. पण त्या थरथरीत माझ्या हातून आकडा सुटला. रोज अकरा प्रदक्षिणा घालते. अकरा चिंचोके उजव्या मुठीत घेऊन निघायचं, एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या मुठीत. आज चिंचोके घरी ओट्यावरच राहिले होते, म्हणून मनात मोजत होते. आता त्या फरशीवर उभं राहून मला सांगता येईना, की मी अजून निघायची आहे की सगळं संपवून आले आहे. फरशी तीच. निघणाराही तिच्यावरच उभा असतो आणि अकरा पुऱ्या करून आलेलाही तिच्यावरच. पौषातली थंडी तळपायातून वर येत होती, देवळाच्या मागच्या बाजूनं कुणीतरी अंगण झाडत होतं, आणि मी पाहत होते की पायांच्या ठशांवरून काही कळतं का. ठसे एकावर एक पडून नुसता ओला पट्टा झाला होता. मग मी फोन काढला. काढायला नको होता. जप होईपर्यंत मी तो पाहत नाही. वामनरावांचा निरोप होता. मोठी ऑर्डर आली, अकोल्याकडचे बारा वॉर्ड, प्रत्येकी सोळा खाटा, नांदुऱ्याला टाकला तोच प्रोग्राम टाकू, आजच पाठवा ताई. मी तो निरोप वाचला, मग फरशीकडं पाहिलं, पुन्हा निरोप वाचला. आणि सगळं एकदम थांबलं. विहिरीत कळशी सुटल्यावर आवाज यायच्या आधी एक क्षण जातो ना, तसं.

मी वामनरावांच्या वर्कशॉपात प्रोग्राम लिहिते. बुलढाण्यासारख्या गावात हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे कॉम्प्युटरचे क्लास घेता का. तसं नाही. आम्ही दवाखान्यांसाठी बेलचे डबे करतो. प्रत्येक खाटेपाशी एक बटण, नर्सच्या टेबलावर एक डबा, डब्यावर लाल आकडे. खाटेवरच्या माणसानं बटण दाबलं की डब्यावर त्या खाटेचा नंबर लागतो. दोघांनी दाबलं तर ज्यानं आधी दाबलं त्याचा आधी. नर्स जाऊन आली, तिनं खाटेजवळची कळ फिरवली, की तो नंबर जातो आणि पुढचा येतो. कुणीच बोलावत नसेल तेव्हा आकड्यांची जागा काळी असते, आणि डबा चालू आहे हे कळायला कोपऱ्यात एक बारका हिरवा दिवा जळत असतो. डब्यातली ही रांग मी लिहिली आहे. सी भाषेत. हे काम मला आवडतं, कारण त्यात बोलावं लागत नाही. आंघोळीपासून जप संपेपर्यंत माझं मौन असतं आणि पाणीही नसतं. चौदा वर्षं झाली या नेमाला. आणि दुसरा नेम खोटं न बोलण्याचा, तो दिवसभराचा. घरचे म्हणतात, हिचा आवाज ऐकायला दाराला कान लावावा लागतो.

रांग कशी करतात ते मी त्या फरशीवर उभ्या उभ्या पुन्हा मनात मांडलं, कुणी दुसऱ्यानं केलेलं काम तपासावं तसं. सोळा कप्पे. खाटा सोळा, म्हणून कप्पे सोळा. एका खाटेचा एकच नंबर रांगेत, म्हणजे सतराव्या कप्प्याची गरजच नाही. कप्पे गोलात मांडलेले, सोळाव्यानंतर पुन्हा पहिला, माळेसारखे. दोन खुणा. एक हेड, म्हणजे आता कुणाकडं जायचं ते. एक टेल, म्हणजे नवा आला तर कुठं उभा राहील ते. कुणी आला की टेल एक घर पुढं. कुणाचं काम झालं की हेड एक घर पुढं. हेड टेलच्या मागं मागं चालत राहतं, आणि तिला गाठलं की समजायचं, रांगेत कुणी नाही. ही ओळ मी लिहिली ती सकाळ मला आठवते. हेड आणि टेल एकाच घरात असतील तर रांग रिकामी, आकडे विझवा. छोटी, स्वच्छ ओळ होती, आणि ती लिहून मी नमस्कारही केला असेल. काम पुरं झालं की हात आपोआप जुळतात. पण हेड पहिल्या घरात तसंच उभं असेल, कुणीच कुणाकडं गेलेलं नसेल, आणि एकामागून एक सोळा जण आले, तर टेल चालत चालत सोळा घरं ओलांडून पुन्हा पहिल्या घरात येते. हेडच्या शेजारी नाही, हेडच्याच घरात. आणि माझी ती स्वच्छ ओळ म्हणते, कुणी नाही. सोळाच्या सोळा हाका मारत असताना डबा म्हणतो, कुणी नाही. सी भाषा अशा वेळी काही विचारत नाही. तिला जे सांगाल ते ती करते. मी तिला हेच सांगितलं होतं.

देवळाच्या पायऱ्या उतरताना माझा हात पिशवीतल्या माळेवर होता. मोजलेले एकशेआठ मणी आणि वरचा एक मेरुमणी. मेरू मोजायचा नसतो, ओलांडायचा नसतो, तिथून परत फिरायचं. लहानपणी मी आईला विचारलं होतं, याच्यावर जप नाही तर हा कशाला. ती वाती वळत होती. म्हणाली, हा नसला तर तुला कसं कळेल, आता बसलीस की उठायचं आहे ते. इतकं साधं. एक कप्पा जास्त ठेवायचा, त्यात कधी कुणाला उभं करायचं नाही; टेल हेडच्या एक घर अलीकडं येऊन थांबली की समजायचं, रांग भरली. चौदा वर्षं रोज तो मणी माझ्या बोटांना लागतो. आणि मी सोळा लिहिलं. सोळा नीट बसतं, आकड्याला गोलाई आहे, वामनराव म्हणाले होते जागा वाया घालवू नका ताई, चिप लहान आहे. जागा वाया गेली नाही.

खरी भीती त्या ओळीची नव्हती. ती कळताक्षणी तिच्या मागून दुसरं काहीतरी येताना मला दिसलं होतं आणि मी घरी पोचेपर्यंत त्याच्याकडं पाहणार नाही असं ठरवून भराभर चालत होते. पण ते माझ्याबरोबरच चालत होतं. मागच्या मे महिन्यातली नांदुऱ्याची दुपार. त्या दवाखान्याच्या ट्रस्टींनी मला चौकशीला बोलावलं होतं. खोलीत कूलरचा घरघराट, टेबलावर आमचा डबा, समोर खुर्चीच्या कडेवर बसलेली खुर्शीदा सिस्टर, आणि भिंतीशी टेकून प्रतीक्षा नावाची मुलगी, जिची आई अकरा नंबरच्या खाटेवर वारली होती. विमलबाई. जवळच्या खेड्यात वांगी-मिरची लावणारी बाई, दम्यासाठी भरती झालेली. ती गेली त्या दिवशी दुपारी बारा वाजता लाइट गेली, पंखे बंद पडले. डबा बॅटरीवर चालत राहतो. खुर्शीदा एकटी होती, दुसरी सिस्टर रजेवर, आणि ती तेवढ्यापुरती बाळंतिणीकडं गेली होती. ती येऊन टेबलाशी बसली, डब्याकडं पाहिलं, आकडे काळे होते, म्हणून इंजेक्शनांचं रजिस्टर भरत बसली. वॉर्डाचं दार उन्हामुळं ओढलेलं, त्यावर वाळ्याचा पडदा. वीस मिनिटांनी प्रतीक्षा रेल्वे स्टेशनावरून गार पाणी घेऊन आली तेव्हा विमलबाईच्या हातात बटण होतं. ट्रस्टींनी खुर्शीदाला विचारलं, डबा बंद होता का. ती हो म्हणाली असती तर तिथंच सुटली असती. ती म्हणाली, नाही साहेब, हिरवा दिवा जळत होता, पण आकडा एकही नव्हता. मग मला विचारलं, मॅडम, हिरवा दिवा चालू असताना, बटण दाबलं आणि आकडा आला नाही, असं होऊ शकतं का. मी तिथंच चार बटणं दाबून दाखवली. चारही आकडे रांगेनं आले. मग मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, नाही, असं होऊ शकत नाही. तेव्हा खुर्शीदानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि कुणाला विचारावं ते कळत नव्हतं, असं.

आणि त्याच खोलीत, माझ्यासमोर, वॉर्डातल्या पंधरा जणांचे जबाब वाचले गेले होते. मीही दाबली होती. पंखा बंद पडला म्हणून दाबली होती. मीही दाबली होती. मी ते कानांनी ऐकलं. ट्रस्टी म्हणाले, सिस्टर, सोळा माणसांनी दाबली आणि तुम्हाला एकही दिसली नाही. पंधरा आणि विमलबाई. हा आकडा त्यांनी मोठ्यानं उच्चारला आणि मी पदर सारखा करत बसले होते. कुणी ओरडलं काऊन नाही, असं एका पेशंटला विचारल्याचंही त्या कागदात होतं, आणि तो म्हणाला होता, सगळ्यांनी बेल दाबली होती, आता येतीलच म्हणून पडून राह्यलो. खुर्शीदाला आठवड्यात काढून टाकलं. घरी येऊन मी संध्याकाळी विमलबाईच्या नावानं दिवा लावला. मला वाटलं होतं, मी चांगली आहे.

राजकुमार, म्हणजे माझे मिस्टर, मोटरसायकल पुसत दारात उभे होते. आज लवकर आलीस का उशिरा, काही समजत नाही, म्हणाले, आणि मी काही बोलले नाही याचं त्यांना नवल वाटलं नाही. "देवानं हिले आवाज देला, पन वारंटी संपल्यावानी वापरते," असं ते पाहुण्यांसमोर नेहमी म्हणतात. माझं तोंड पाहून मात्र त्यांनी फडका खाली ठेवला. मी खुणेनं सांगितलं, काही नाही. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटावरचा डबा काढला. चाचणीसाठी एक डबा घरी असतो. त्याला बटणं जोडलेली नसतात, मागच्या बाजूला नुसती सोळा स्क्रूंची पट्टी. एका वायरीचं टोक ज्या स्क्रूला टेकवाल त्या खाटेनं बटण दाबलं असं डबा समजतो. वर्कशॉपात चाचणीच्या फळीवर आठच बटणं आहेत. मी नेहमी आठांनीच पाहिलं, उलटसुलट, शंभरदा. वायर घेऊन सोळाही करता आलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं.

पहिल्या स्क्रूला टेकवलं; वायर धातूला लागल्याचा बारीक आवाज. टिक. डब्यावर शून्य एक उमटलं, लाल, ठळक. दुसरा. तिसरा. डब्यावर एकच राहिला, कारण एकाकडं अजून कुणी गेलेलं नाही. मला तहान लागली होती, जीभ टाळूला चिकटत होती. जप झाला नव्हता, प्रदक्षिणा झाल्या होत्या की नाही माहीत नव्हतं, पाणी कसं घेणार. सात. आठ. इथपर्यंत मी यापूर्वी शंभरदा आले होते. नऊ. मनात मी नाव घेत होते, पण कुणाचं घेत होते ते सांगता येणार नाही. अकराव्या स्क्रूपाशी हात थोडा थांबला. तेरा, चौदा, पंधरा. लाल एक तसाच होता, आणि त्या क्षणी मला खरंच वाटलं की मी उगीच भ्याले, देवा, माझं काहीतरी मोजण्यात चुकलं असेल. सोळा. टिक. एक विझला. आकड्यांची जागा काळी झाली आणि कोपऱ्यात हिरवा दिवा शांतपणे जळत राहिला, जणू वॉर्डात सगळे झोपले आहेत.

वायर अजून माझ्या हातात होती. मग, का कुणास ठाऊक, वायर पुन्हा अकराव्या स्क्रूला टेकवली. टिक. काही नाही. पुन्हा टेकवली. काही नाही. रांग रिकामी आहे असं डबा म्हणतो, तर मग आता आलेला माणूस पहिला लागायला हवा, अकराचा आकडा दिसायला हवा. दिसेना. दहाव्यांदा टेकवल्यावर मला कळलं आणि मी वायर सोडून दिली, ती गरम असल्यासारखी. तेही मीच लिहिलं होतं. डबा बसवल्यावर महिनाभरात खुर्शीदानंच सांगितलं होतं, मॅडम, एकच आजोबा दहादा दाबते, त्याचाच आकडा सारखा येते, काही तरी करा. म्हणून मी प्रत्येक खाटेसाठी एक खूण ठेवली होती. हा रांगेत आहे. रांगेत आहे तोपर्यंत त्यानं कितीही दाबलं तरी ऐकायचं नाही. नर्स जाऊन कळ फिरवेल तेव्हाच खूण पुसायची. आता सोळाही खुणा लागलेल्या होत्या. आणि रांग रिकामी होती. डबा प्रत्येकाला सांगत होता, तू रांगेतच आहेस, आणि रांगेत कुणी नव्हतं. डबा बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तो असाच राहिला असता. त्या दिवशी लाइट आल्यावर कुणीतरी तेच केलं असणार, आणि मग चार बटणं रांगेनं आली. विमलबाईनं पुन्हा दाबलं असेल. वीस मिनिटं. ती दाबत होती आणि माझी खूण तिला अडवत होती. मी त्या खोलीत भिंतीला टेकले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली त्याचाही मला धक्का बसला. समोरच्या कोनाड्यात देव होते. रोज त्यांच्यासमोर बसून मी हेच तर करते, पुन्हा पुन्हा तेच नाव, तीच टिकटिक. तिकडंही सगळ्या जगाच्या हाका एकदम पोचत असतील. देवापुढं मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याच्या रागाची नाही. त्याच्यासमोरही आत्ता काळं असेल याची.

वामनरावांना मी एवढंच लिहून पाठवलं, की जुना प्रोग्राम कुठंही टाकू नका, सोळा खाटा एकदम वाजल्या तर आकडे विझतात, नांदुऱ्याला तसंच झालं, आणि जिथं जिथं डबे बसलेत त्यांना आजच कळवा. त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. मग त्यांनी बोलून निरोप पाठवला, तो मी दोनदा ऐकला. माणूस वाईट नाही ते, पहिल्यांदा मला काम देताना त्यांनी माझ्या पदवीकडं पाहिलंही नव्हतं. "मंजुश्रीताई, घाबरू नका. आपन काय मुद्दाम केलं का. गुपचूप नवा प्रोग्राम टाकून येतो सगळीकडं, सर्व्हिसिंग म्हनून. जे झालं ते झालं, ती बाई त काही वापस येत नाही. तुम्ही फक्त कोनाले बोलू नका. तुम्हाले कुठं बोलाची सवय आहे." शेवटच्या वाक्यावर ते थोडं हसले होते. धीर द्यायला. त्या हसण्यानं मला जितकी भीती वाटली तितकी सकाळपासून वाटली नव्हती, कारण ते बरोबर बोलत होते. चौदा वर्षं मी गप्प राहायचा सराव केला आहे. मला कुणी विचारणारही नाही. बाईचा नेम असतो, म्हणतील. नवा प्रोग्राम मी दुपारपर्यंत लिहीन, सतरा कप्पे, आणि संध्याकाळी दिवा लावीन.

डबा पिशवीत घातला. राजकुमारांनी विचारलं, कुठं. मी त्यांच्या हातावर बोटानं नांदुरा लिहिलं. ते म्हणाले, स्टँडवर सोडतो चाल. बसमध्ये कंडक्टरला मी कागदावर लिहून दाखवलं. त्यानं कागद दूर धरून वाचला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडून मला विचारलं, नांदुरा का, मग मागं वळून म्हणाला, सरक बे, बाईले बोलता येत नाही, बसू दे तिले खिडकीपाशी. सगळ्यांनी दयेनं पाहिलं. एका म्हातारीनं मला अर्धा पेरू दिला. मी तो हातात धरून बसले. राजूरचा घाट उतरताना कान दडपले आणि मला वाटलं, हे बरं आहे, असंच मुकं असावं माणसानं, कुणी काही विचारत नाही आणि पेरू देतात. मी भीतीनं गप्प आहे की नेमानं, हे मला तपासून पाहता येत नव्हतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मोताळा गेलं. वाटेत दोनदा उठून परत फिरावं असं झालं, आणि एकदा तर मी पिशवी उचललीही होती, पण गाडी थांबली नाही.

खुर्शीदाचं घर स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एक खोली आणि पुढं पडवी. पडवीत शिलाई मशीन होती, तिच्यावर कुणाचा तरी अर्धवट ब्लाऊज. तिनं मला लगेच ओळखलं. चेहऱ्यावरचं सगळं एकदम मिटून घेतलं तिनं, दार लावून घ्यावं तसं. म्हणाली, "तुम्ही त्या डब्यावाल्या मॅडम. आता काय राह्यलं." मी काही न बोलता चटईवर डबा ठेवला, चालू केला, हिरवा दिवा लागला. वायर तिच्या हातात दिली आणि पहिला स्क्रू बोटानं दाखवला. तिनं टेकवली. एक उमटला. ती समजली. न सांगता दुसऱ्याकडं गेली, आणि जाताना हळूच बोलायला लागली. एक नंबर, बसस्टँडवरचा पंक्चरवाला, पाय मोडलेला. दोन, त्याच्या बाजूचे मास्तर. चार नंबरची पोरगी, तिले टायफॉइड होता. सगळी तिच्या तोंडात होती, आठ महिन्यांनंतरही, खाटेखाटेनं. सात नंबरचे आजोबा, तेच ते, दहादा दाबनारे. अकराशी ती थांबली नाही, उलट पटकन टेकवून पुढं गेली. पंधरा. सोळा, दाराजवळचा हमाल. टिक.

काळं झालं.

खुर्शीदा डब्याकडं पाहत राहिली. बाहेरून मालगाडी जायला लागली, बराच वेळ जात राहिली. मग ती वाकली आणि हिरव्या दिव्यावर बोट ठेवलं, तो खरा आहे का ते पाहावं तसं. "हेच," ती म्हणाली. "असंच होतं." तिचा आवाज माझ्याहून लहान झाला होता. "मॅडम, मले त वाटाले लागलं होतं मीच पाह्यलं नसन. सगळे म्हनत होते, पाह्यलं नाही तुनं. मी नमाजले बसली का तेच. आकडा होता, अन् मले दिसला नाही. रोज मी तो डबा डोळ्यासमोर आनत जाऊ, अन् रोज त्याच्यावर अकरा दिसाले लागला होता मले."

आता मला बोलायचं होतं. मौन सुटलेलं नव्हतं; जप व्हायचा होता, अकरा की शून्य याचा हिशेब फरशीवरच राहिला होता. "आकडा नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही बरोबर पाहिलं होतं. चूक माझी आहे, खुर्शीदाताई. आणि मी तिथं सांगितलं की असं होऊ शकत नाही." मग आठवलं, अजून आहे. एकदाच बोलायचं तर सगळं बोलायला हवं. मी तिला त्या खुणेचंही सांगितलं, पुन्हा पुन्हा दाबलेलं ऐकायचं नाही ते, आणि हेही की बंद करून चालू केल्याशिवाय डबा जागा झाला नसता. तुमच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, हे मात्र मी म्हणाले नाही. तिला ते आठवलंच. तिच्या डोळ्यांत ते येताना मी पाहिलं.

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला, आणि शिलाई मशीनच्या खणातून एक वही आणि पेन काढून तांब्याशेजारी ठेवलं. "लिहून द्या," ती म्हणाली. "त्या ट्रस्टीइले एक, अन् प्रतीक्षाले एक. प्रतीक्षाले आधी. मी त्या पोरीच्या घरासमोरून जात नाही, लांबून जातो."

मी पाणी प्यायले. सगळा तांब्या प्यायले, नेम तिथं सुटला की मोडला ते माहीत नाही. मग वही मांडीवर घेतली. चिरंजीव प्रतीक्षा हिस, एवढं लिहिलं आणि हात थांबला, कारण पुढचं वाक्य लिहिलं की वामनरावांचं वर्कशॉप, माझं काम, माझं नाव, सगळं त्या कागदावर येणार होतं, आणि ती मुलगी तो वाचणार होती. अक्षरं आईच्या म्हातारपणीच्या अक्षरांसारखी येत होती. तुझ्या आईनं बेल दाबली होती, मी लिहिलं. एकदा नाही, पुष्कळदा. सिस्टरांना ती दिसू शकत नव्हती.

समोर खुर्शीदानं वायर पुन्हा उचलली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. डब्याशी मान घालून ती अकराव्या स्क्रूला वायर टेकवत होती, थांबत होती, काळ्या जागेकडं पाहत होती, पुन्हा टेकवत होती. टिक. मी लिहीत होते. टिक.